इंजिन चालूच राहू दे

संभाजीनगरला लोक लेणी बघायला जातात, मकबरा बघायला जातात, येताना हिमरू शाल आणतात. मी गेले ती भावाच्या गाडीची बॅटरी चार्ज करायला. कोल्हापुरातल्या मैत्रिणींना वाटलं, मी थट्टा करतेय. थट्टा नव्हती. दिवाळीपासून कधीही फोन केला की विलासचं, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचं, एकच पालुपद: "ताई, मावशीला आणायचंच आहे गं, पण गाडीची बॅटरी उतरलीय." संक्रांत गेली, होळी गेली, पाडवा गेला. बॅटरी आपली उतरलेलीच. पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रिकल प्रयोगशाळेत अख्खी नोकरी काढलेल्या बाईला हे वाक्य किती दिवस पचणार?

मावशी म्हणजे कुंदामावशी, आईची धाकटी बहीण. दोघीच बहिणी, भाऊ नाही. आजोबांची फुलंब्रीच्या अलीकडची जमीन दोघींच्या नावावर होती. शहर वाढत वाढत तिच्या बांधापर्यंत आलं आणि एक दिवस तिथं प्लॉटचे दगड रोवले गेले. मावशीनं विनातक्रार सही केली, स्वतःसाठी काही मागितलं नाही. तिला मूल नाही, नवरा कधीच गेलेला. सोयगावजवळच्या एका वाडीत दिराच्या मुलाकडे ती राहते. सही करताना ती आईला एवढंच म्हणाली होती, "फ्लॅट घ्या, गाडी घ्या. गाडी आली का मला न्यायाला ये. म्हातारपनी दोघी एका घरात राहू." फ्लॅट आला, गाडीही आली. मावशी आहे तिथंच आहे.

कोल्हापूरहून बसनं कशी गेले ते सांगत बसत नाही. पाय सुजतात एवढं लक्षात राहतं. पण नगर मागं पडल्यावर खिडकीतून जे दिसायला लागलं ते विसरता येत नाही. जमिनीचा रंगच उडालेला. विहिरीपाशी माणसं नव्हती, टँकरपाशी होती. आणि शहर जवळ आलं तशा मोठमोठ्या पाट्या सुरू झाल्या. बाराव्या मजल्यावर बाग, तळमजल्यावर पोहण्याचा तलाव, पाटीवर निळ्याशार पाण्यात हसणारं जोडपं. एका पाटीच्या सावलीत चार बायका रिकाम्या घागरी घेऊन बसल्या होत्या. कुणी वर बघत नव्हतं.

पार्किंग

आमच्या कोल्हापुरात पाहुणा दारात आला की तांब्याभर पाणी आणि फुलपात्र पुढं येतं, कितीही प्या. विलासच्या बायकोनं, सुनीतानं, मला अर्धा ग्लास दिला. "अजून देते ताई, पण आधी हे संपवा," असं म्हणाली. उरलेलं पाणी टाकलं जाऊ नये म्हणून तिकडं सगळ्यांनाच आधी अर्धा ग्लास. जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळ-मसाल्याच्या पिठाची, आमटी आणि शेंगदाण्याची चटणी, आणि हे सगळं कागदाच्या पत्रावळीवर. ताट घासायला पाणी लागतं, पत्रावळ फेकून देता येते. आमटी पातळ होती, पत्रावळ गळत होती. सुनीता बिचारी ओशाळली होती. मी मनातून चिडले. शहराच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी आणि त्याच शहराच्या वेशीवर पोहण्याचे तलाव विकायला काढलेले.

आई पलंगावर बसून होती. तिचे गुडघे गेलेत, जिना चढ-उतार म्हणजे संकट. मला बघितल्यावर तिनं विचारलं, "आलीस व्हय? पान्हे आनलेस का?" मी पिशवीतून दहाचा आणि तेराचा पाना काढून दाखवला. आईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं.

"आई, भाड्याची गाडी करू नं," मी म्हटलं. "दोन तासात दारात येईल."

"नगं. कुंदीला म्या सांगितलंय, आपल्या गाडीनं येते म्हनून. तिच्या जमिनीची गाडी हाय ती. भाड्याच्या गाडीत बसून काय पाव्हणी म्हनून जाऊ?"

संध्याकाळच्या आत खाली गेले. गाडी दिसेना. आधी दिसले ते निळे ड्रम. आमच्या इमारतीत पार्किंगमध्ये स्कूटर असतात, इथं ड्रम होते. गाडीच्या मागं ओळीनं, बाजूला ओळीनं, आणि सगळे तोंडापर्यंत भरलेले. टँकरची नळी बॉनेटवरून नेलेली, तिच्या घासण्यानं रंगावर पट्टा उठलेला. वरच्या मजल्यावरच्या एका बाईंनी तर टपावर पापड वाळत घातले होते. विलास एमआयडीसीत कंपनीच्या बसनं जातो, त्यामुळे गाडीवाचून त्याचं काही अडत नव्हतं.

"दिवाळीपासून हललीच नाही?" मी विचारलं.

"हलवणार कशी ताई? ड्रम हलवायला ते रिकामे करावे लागतात. पाणी ओतून देऊ का रस्त्यावर?"

किल्ली फिरवली. कट असा आवाजसुद्धा आला नाही. दिवा नाही, हॉर्न नाही. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला तारा जोडून चालू करावी तर ड्रमांमुळं दुसरी गाडी जवळ येऊ शकत नव्हती. धक्का मारावा तर कुठल्या दिशेला? बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी चढलेली, आतलं पाणी पार खाली गेलेलं.

विलास माझ्या खांद्यावरून बघत होता. "खलास झालीय ना?" त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात जरा आशा होती असं मला तेव्हाच वाटलं होतं, पण मी ते झटकून टाकलं.

पत्र्यासारखी दिसणारी आतली प्लेट पुरती उघडी पडली नव्हती, बॅटरी फुगली नव्हती, कुठं तडा नव्हता. म्हणजे प्रयत्न करण्यासारखी होती. मी हातातल्या पाटल्या काढल्या. सुनीता टक लावून बघत राहिली, कारण आमच्याकडे बाई अशा एकदम पाटल्या काढत नाही. सोनं आणि बॅटरीची टोकं यांची भेट झाली तर हात भाजून निघतो, हे तिला सांगितलं आणि पाटल्या वर आईकडे पाठवल्या. काळी तार आधी सोडली, मग लाल. भुकटी धुवायला मी सोडा कालवलेलं पाणी मागणार होते, पण धुण्याएवढं पाणी मागायची लाज वाटली. ओल्या फडक्यावर सोडा घेऊन टोकं पुसली.

मग सुनीतानं जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. ती वर गेली आणि घरातला एकुलता एक भरलेला पिण्याच्या पाण्याचा जार दोन्ही हातांनी धरून खाली घेऊन आली. "बॅटरीत पाणी कमी झालंय ना ताई? हे घाला. नळाचं नाही, जारचं आहे. सगळ्यात चांगलं."

ज्या घरात मला अर्धा ग्लास मिळाला होता, त्या घरानं बॅटरीसाठी अख्खा जार पुढं केला होता. आणि मला नाही म्हणावं लागलं. जारच्या पाण्यातही क्षार असतात, ते प्लेटांवर बसतात आणि बॅटरी मरते. तिला डिस्टिल्ड वॉटरच लागतं. नंतर कळलं, आधीच्या उन्हाळ्यातही विलासनं तिला असंच जारचं पाणी पाजलं होतं, प्रेमानं. त्या शहरात तेव्हा कुणाला काही चांगलं द्यायचं म्हणजे जारचं पाणी द्यायचं, मग ते पाहुण्याला असो की बॅटरीला. सुनीतानं जार उचलला आणि जिन्यावरून चढताना मला ऐकू जाईल असं पुटपुटली, "आमचं पाणी पण चालत नाही कोल्हापूरवाल्यांना." मी तिच्या मागं गेले नाही. तिला राग यावा हे बरोबरच होतं.

गॅलरी

चौकातल्या बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटरच्या बाटल्या आणि चार्जर आणला. तो म्हणाला, "इकडं द्या ना बाई, दो घंटे में टकाटक करून देतो." मी नको म्हटलं. इतकी उतरलेली बॅटरी एकदम भरायला गेलं की तापते, आतून वाकते. तिला रात्रभर हळूहळूच भरावी लागते. विलास हसला, "दोन तासांत होणारं काम तू रात्रभर करणार." चालेल म्हटलं, पाच महिने थांबलात तशी एक रात्र थांबा.

बॅटरी कुठं ठेवायची यावरून पुन्हा वाद. सुनीतानं स्वयंपाकघरात जागा केली, कारण प्लग तिथं होता. प्लगच्या शेजारी गॅसची शेगडी. मी ओरडलेच. चार्ज होताना बॅटरीतून वायू निघतो. बंद खोलीत तो साठला आणि जवळ ज्योत असली, नुसती ठिणगी पडली, तरी बॅटरी फुटते आणि आतलं ॲसिड तोंडावर येतं. आमच्या प्रयोगशाळेत एकाच्या शर्टाची अशी चाळण झालेली मी बघितली आहे. डोळे वाचले ते चष्म्यामुळं. म्हणून उघडी गॅलरी. बुचं सैल केली, पाणी प्लेटा बुडतील एवढंच घातलं, आधी चिमटे लावले, मग प्लग चालू केला. काढताना उलट, आधी प्लग बंद.

आणि नेमकी दिवेलागण झाली. आईची तुळस गॅलरीत, तिचा रोजचा दिवा गॅलरीत. ती भिंत धरत धरत आली तेव्हा तिच्या हातात निरांजन होतं, वात पेटवलेली.

"आई, आज नको," मी म्हटलं आणि दारातच तिला अडवलं. "बॅटरी काढेपर्यंत इथं दिवा नाही, उदबत्ती नाही."

सुनीता म्हणाली, "ताई, असा दिवा अडवू नये." सासरी-माहेरी, सुतकात-सुवेरात, दुसऱ्या कुणाच्या हातून का होईना, पण आईनं तुळशीपुढचा दिवा चुकवल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

आईनं बॅटरीकडे बघितलं. चार्जरचा छोटा लाल दिवा लागला होता. "ह्यो जळतोय नं," ती म्हणाली आणि हातातली वात तिथंच फुंकली. "देव थांबंल एक दिवस. कुंदी थांबायची नाय आता."

रात्री ती माझ्याजवळ झोपली. मावशीची पिशवी होळीपासून भरलेली आहे, असं सांगत होती. दोघींच्या पलंगांची जागासुद्धा तिनं ठरवून ठेवली होती. मावशीला खिडकीजवळची, कारण मावशीला कोंदट जागेत झोप येत नाही.

फुलंब्रीवरून पुढं

सकाळी बॅटरी भरलेली होती. खाली नेली, लाल तार आधी, काळी नंतर, बुचं घट्ट. मग ड्रम हलवायचं काम. वरच्या मजल्यावरच्या बायका बादल्या घेऊन आल्या, पाणी या ड्रममधून त्या ड्रममध्ये, उरलेलं घराघरांतल्या पातेल्यांत. एक थेंब सांडला नाही. पापडसुद्धा नीट उतरवले गेले. किल्ली फिरवली आणि गाडी खोकली, थरथरली, चालू झाली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. विलासनं नाही वाजवल्या.

तो डिकीत रिकामे कॅन भरत होता. "मावशीकडं अजून बोअरला पाणी आहे," तो म्हणाला. "जातोच आहोत तर आणू की." यात वावगं काय? मी स्वतः दोन कॅन हातात धरून त्याला दिले. मागच्या सीटवर मी आणि येताना मावशी, पुढं आई, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं.

फुलंब्री येण्याआधी आईनं काचेवर बोट ठेवलं. आजोबांच्या शेताच्या जागी आता कमान होती, आत सिमेंटचे रस्ते, विजेचे खांब आणि एकही घर नाही. मोठं आंब्याचं झाड होतं तिथं प्लॉटच्या ऑफिसचा पत्र्याचा डबा. "इथं कुंदीनं मला झोक्यावरनं पाडलं व्हतं," आई म्हणाली. विलासनं गाडी हळू केली नाही.

सिल्लोड गेलं. रस्ता सगळीकडे उकरलेला, धूळ इतकी की दिवसा दिवे लावावे लागले. अजिंठ्याला परदेशी पाहुण्यांच्या बसेस लेण्यांकडे निघालेल्या, सगळ्यांच्या हातात पाण्याच्या बाटल्या. घाट उतरलो आणि हवा जराशी बदलली. कुठं कुठं केळीचं हिरवं दिसलं. एरवी मी अशा घाटात गाडी थांबवून चहा पिते. विलास थांबायला तयार नव्हता.

"बंद केली आणि चालू नाही झाली तर?"

"होईल. रात्रभर भरलीय, आणि आता वाटभर इंजिन तिला भरतंय."

"तू म्हणतेस गं," तो म्हणाला आणि चालवत राहिला. आईला लघवीला जायचं होतं, तेव्हासुद्धा फर्दापूरला इंजिन चालू ठेवून तो आत बसून राहिला. मी तिला हाताला धरून नेऊन आणलं.

वाडी

मावशी रस्त्यावरच उभी होती. नऊवारी, डोक्यावर पदर, पायाशी कापडी पिशवी आणि पत्र्याची छोटी पेटी. गाडी थांबली तशी ती आईच्या खिडकीशी आली आणि बाहेरूनच हात घालून आईचा गाल धरला. इंजिन घरघरत होतं. गाडीचा धूर थेट ओट्यावर जात होता.

"विलास, बंद कर," मी म्हटलं. "बसू दे दोघींना घटकाभर."

"ताई, इथं मेकॅनिक पण नाही. घाटाखाली अडकलो तर आईला घेऊन काय करणार? चालूच राहू दे."

तो खाली उतरला आणि मावशीच्या दिराच्या मुलाच्या मदतीनं बोअरची नळी कॅनमध्ये सोडली. डिकी भरली. मग त्यानं मागचं दार उघडलं आणि भरलेले कॅन सीटवर ठेवायला सुरुवात केली. एक, त्याच्याशेजारी दुसरा, खाली पाय ठेवायच्या जागेत तिसरा. मी त्याचा हात धरला.

"मावशी कुठं बसणार?"

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. "ताई, तूच बघितलंस घरी. पाणी पुरतंय का आम्हाला? अजून एक माणूस, तिची आंघोळ, तिचं धुणं. पाऊस पडला की आणतो. बॅटरी पण नवीनच टाकतो तेव्हा. एवढं वजन घेऊन घाट चढायचा, मध्ये बंद पडली तर..."

मला संताप आला. भर वाडीत मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, पण लाज वाटावी असं एकही वाक्य त्यात नव्हतं. तो सगळं ऐकून घेत होता आणि नळी धरून उभा होता. तो दुष्ट नाही. पाण्याची राखण करता करता त्याला माणूस म्हणजे बादल्या दिसायला लागल्यात.

आईनं मान वळवून मागची सीट बघितली. मग मावशीनं बघितली. सगळ्यात आधी समजलं ते मावशीलाच.

"भर बाबा, पानी भर," ती विलासला म्हणाली. "गाडीचं बराबर हाय तुझं. बॅटरी कच्ची आसंल तर जोखीम कशाला?" आणि तिनं पेटी उचलून ओट्यावर ठेवली. मी म्हटलं, मावशी, माझ्याकडे कोल्हापूरला चल, तिथं नदी आहे, पाण्याला तोटा नाही. ती हसली. "तुज्याकडं पानी लई आसंल पोरी. पर माझी बहीण नाय नं तिथं."

ती आत गेली आणि फडक्यात गुंडाळलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन आली. खिडकीतून आईच्या मांडीवर ठेवला. आईनं एक घास तोडून तिला भरवला, तिनं एक आईला. ठेच्यानं दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं, असं दोघींनी एकमेकींना सांगितलं. विलासनं हॉर्न वाजवला नाही, पण दोनदा ॲक्सिलेटर दाबला. मावशीनं खिडकीवरचा हात काढून घेतला.

परत

येताना मी सीटच्या उरलेल्या कोपऱ्यात बसले, शेजारी कॅन. वळणावर पाणी हिंदकळायचं आणि मी कॅनला हातानं आवरायचे, नाहीतर तो माझ्यावर कलंडला असता. घाटात गाडीनं एकदाही कुरकुर केली नाही. आई पुढं सरळ बघत होती. फुलंब्रीची कमान गेली तेव्हा तिनं बोट दाखवलं नाही.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. पार्किंगमध्ये आमची जागा उरली नव्हती. दुपारी टँकर येऊन गेला होता आणि बायकांनी मोकळी जागा बघून तिथं आणखी ड्रम लावले होते. विलासनं गाडी बाहेर रस्त्याकडेला लावली, सकाळपासून पहिल्यांदा इंजिन बंद केलं, किल्ली तशीच ठेवली आणि दोन हातांत दोन कॅन घेऊन जिना चढला. वरून सुनीताचा आनंदाचा आवाज आला.

आई गाडीतच बसून होती, कुणीतरी हात धरून उतरवेल म्हणून. मी तिचं दार उघडायला गेले आणि मध्येच थांबले. वळसा घालून विलासच्या जागेवर जाऊन बसले.

किल्ली फिरवली. गाडी पहिल्या फटक्याला चालू झाली. ना खोकली, ना थरथरली.

आई समोरच्या काचेतून ड्रमांकडे बघत होती. "फिरून एकदा कर," ती म्हणाली.

मी बंद केली, पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा तशीच चालू झाली.

"कर बंद," आई म्हणाली. मी केली. तिनं मांडीवरचे भाकरीचे तुकडे वेचून पदरात बांधले आणि उतरण्यासाठी माझ्यापुढं हात केला.

"शोभे, कुंदीला ह्यातलं काय सांगू नको. तिला बॅटरीच वाटू दे."